ताणून बांधलेली पट्टी

अब्बा,

तुम्हाला एक कोडं घालते. या आखाती देशात ऑगस्ट महिना काढलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं, पण कोडं म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली, छतात एसीची पांढरी जाळी, आणि जाळीच्या एका कडेला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. आधी डाग येतो, मग थेंब, मग पलंगाच्या उशाशी बादली. घरातले म्हणतात, "एसी गळतोय." दुरुस्तीचा माणूस येतो, यंत्राचा निचऱ्याचा पाइप फुंकून साफ करतो, "खलास, आता नाही गळणार," असं सांगून जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब पुन्हा सुरू होतात. आता कोडं असं, की त्या जाळीच्या वर, पंधरा-वीस फुटांच्या अंतरात, पाण्याचा एकही पाइप नसतो. यंत्र पार दुसऱ्या टोकाला असतं. पाऊस म्हणावा तर महिनोन् महिने आभाळाने डोळासुद्धा ओला केलेला नसतो. मग हे पाणी येतं कुठून?

उत्तर सोपं आहे, आणि इतकं सोपं असून ते ज्यांना सांगायला हवं त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून मी हे चिडून लिहिते आहे. पाणी कुठूनही गळत नाही. ते हवेतून येतं. मॉलच्या दारातून बाहेर पडताक्षणी चष्म्यावर धुकं चढतं, ते काही कोणी शिंपडलेलं नसतं, हेही तसंच. समुद्राकाठची उन्हाळ्यातली हवा पाण्याच्या वाफेने जड झालेली असते, आणि पुरेशी गार वस्तू भेटली की ती आपलं ओझं तिच्यावर उतरवून मोकळी होते. किती गार म्हणजे पुरेशी, याची त्या त्या हवेची एक रेषा असते. तिला दवबिंदू म्हणतात. वस्तू त्या रेषेच्या एक अंश वर असली तर दिवसभर कोरडी राहते, एक अंश खाली गेली की तिला घाम फुटतो. अब्बा, मला या रेषेचं पहिल्यापासून फार अप्रूप वाटत आलं आहे. एवढा मोठा फरक, आणि तो एवढ्याशा जागेत मावलेला!

आता तुमच्या कामाकडे येते. बंगल्याच्या छताच्या वर आणि कौलांच्या खाली जो माळा असतो, तिथे कोणी राहत नाही, म्हणून तिथे कोणी गारवा सोडत नाही. कडेच्या फटींतून बाहेरची तापलेली, ओली हवा तिथे खुशाल येऊन बसते. नेमकं त्याच माळ्यात एसीचं यंत्र ठेवायचं, आणि खोल्याखोल्यांना गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, म्हणजे डक्ट, त्याच माळ्यातून फिरवायचे, ही इथली रीत. आत फ्रिजसारखी हवा, बाहेर भट्टी, आणि मध्ये कागदाएवढा पत्रा. त्या पत्र्याला दोन इंच जाडीच्या ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या कापसाचं, पांघरूण घालायचं, वरून चंदेरी फॉइल, सांध्यांवर टेप आणि ठरावीक अंतरावर पट्ट्या, हे तुमचं सत्तावीस वर्षांचं काम. मुसफ्फाच्या त्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला सगळे उस्ताद म्हणत. तुमचं नाव घेतलं की पुढचं वाक्य ठरलेलं असे: त्यांच्या पट्टीखाली नख शिरत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये उम्म अल कुवैनच्या एका बंगल्यातून तक्रार आली. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याच, म्हणजे तुमच्या आणि आता माझ्याही, कंपनीने तिथलं काम केलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे मालकाचं दोन महिन्यांचं नातवंड झोपत असे, छताचा एक चौकोनी तुकडा ओला होऊन खाली आला. बाळ त्या वेळी आजीच्या मांडीवर होतं, म्हणून निभावलं. मी पोहोचले तेव्हा म्हातारे मालक दारात उभे होते. मला पाहून म्हणाले, "मुहन्दिस तू?" इंजिनिअर तूच का, असं. मी हो म्हटल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. पडलेला तुकडा दाखवला, पाळणा जिथे होता ती जागा दाखवली, आणि दोघांमधलं अंतर हाताने मोजून दाखवलं. एक वीत. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माळ्यावर चढायची शिडी माझ्यासाठी चाचांनी धरली. चाचा, म्हणजे नात्याने नव्हे, सगळी टोळी ज्यांना चाचा म्हणते ते दापोलीकडचे, तुमच्या टोळीत कापूस कापायला आलेले आणि शेवटपर्यंत तुमच्याच हाताखाली राहिलेले. आता साठीला टेकले आहेत. या बंगल्याचं काम त्यांचंच.

"बेटी, वर नको जाऊ, भाजशील."

"तुम्ही रोज जाता की."

"मी भाजलेलाच आहे. भाजलेल्या पापडाला परत कोण भाजतो?"

हसत म्हणाले आणि शिडी आणखी घट्ट धरली. त्यांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपणार होता. नव्याने करायचा की नाही, ते ऑफिसने माझ्या अहवालावर ठेवलं होतं. दोष कामगाराच्या हाताचा ठरला तर चाचा परत गावी. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

वर जे दिसलं ते आधी नीट सांगते, कारण त्यानेच मी थक्क झाले. टॉर्च टाकला तर डक्ट दिसायला धडधाकट होता. टेप कुठेही सुटलेला नाही, फॉइल कुठेही फाटलेला नाही. आणि तरीही दर दीड हातावर डक्टभोवती पाण्याची एक ओली कडी. जिथे जिथे पट्टी, तिथे तिथे कडी. पट्ट्यांच्या मधली जागा हाताला कोरडी ठणठणीत. यंत्राच्या पेटीलाही तीच तऱ्हा, बांधलं तिथे ओलं. कड्यांवरचे थेंब खालच्या कडेला जमत होते, आणि सगळ्यात सखल कडी नेमकी त्या पडलेल्या तुकड्याच्या वर होती. अब्बा, निसर्ग इतकं स्वच्छ उत्तर क्वचित देतो. शाळेच्या फळ्यावर आकृती काढावी तसं उत्तर समोर होतं. मी त्या भट्टीत गुडघ्यांवर बसून पंधरा मिनिटं प्रत्येक पट्टीशेजारी आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये थर्मामीटर लावत गेले, आणि प्रत्येक वेळी पट्टीपाशी पारा दवबिंदूच्या खाली, मधल्या जागी वर. मग पट्टीवर अंगठा ठेवला. दोन इंचांचं ग्लासवूल तिथे करंगळीपेक्षा पातळ झालं होतं. पट्टीखाली नख शिरत नव्हतं.

ग्लासवूल गारवा कशामुळे अडवतं, ते मला कॉलेजात दुसऱ्या वर्षी कळलं, आणि त्या दिवशी वर्गातून उठून तुम्हाला फोन करावासा वाटला होता. काचेचे तंतू काहीच अडवत नाहीत. काच स्वतः तर उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते. अडवते ती हवा, तंतूंच्या जंजाळात सापडून जागच्या जागी थबकलेली, हलता न येणारी हवा. दोन इंच कापूस म्हणजे खरं तर दोन इंच कोंडलेली हवा. कापूस फक्त तिला धरून ठेवणारा पहारेकरी. पट्टी ताणली की आपण पहारेकऱ्याला ठेवतो आणि जिच्यासाठी तो नेमला, तिलाच हाकलून देतो. दोन इंचांची पाव इंच जाडी झाली की तिथे पांघरूण नावालाच उरतं.

मी फोन केला नाही. का केला नाही, ते तुम्हाला आठवतं का? मला लख्ख आठवतं. बारावीची सुट्टी होती. तुम्ही आठवडाभर मुसफ्फाच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचात आणि गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारच्या सुट्टीला, अल नहदाच्या आपल्या एका खोलीच्या फ्लॅटवर यायचात. त्या आठवड्यात मी हट्ट धरला की मला तुमचं काम पाहायचं आहे, आणि तुम्ही, कधी नव्हे ते, गुरुवारी मला तिथे बोलावून घेतलंत. वर्कशॉप केवढं मोठं, पत्रे कापणाऱ्या यंत्राचा आवाज, पंख्यापुढे उडणारे चमकते तंतू. तुम्ही मला एका नमुन्याच्या डक्टवर पट्टी बांधायला दिलीत. मी बांधली. तुम्ही येऊन नख घातलंत, आणि ते आत गेलं.

"ही काय बांधणी? गोधडी गुंडाळलीस का? बाळंतिणीची पोटपट्टी याहून घट्ट असते!"

सगळी टोळी हसली, चाचाही हसले. मी सतरा वर्षांची होते आणि त्या चाळीस पुरुषांत एकटी मुलगी. तुम्ही खिशातला चाकू काढून माझी पट्टी सगळ्यांसमोर कापलीत. मी तरीही विचारलं, "अब्बा, पण एवढं दाबलं तर कापूस पातळ नाही का होणार?" मला तेव्हा पुस्तकातलं काही येत नव्हतं, नुसता डोळ्यांना दिसलेला प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, "इन्स्पेक्टर नजरेने पास करतो, थर्मामीटरने नाही. नजरेला घट्ट दिसलं पाहिजे. जास्त डोकं चालवायचं तर ऑफिसात बस, यल्ला, चल निघ."

म्हणून मी ऑफिसात बसले, अब्बा. आणि थर्मामीटर घेऊन बसले.

त्या गुरुवारी घरी आल्यावर तुम्ही नेहमीसारखे आधी मोरीत गेलात आणि हात कोपरापर्यंत धुतलेत. तंतू कातडीत रुतू नयेत म्हणून आधी गार पाणी, मग साबण, हा तुमचा क्रम. पण इथल्या उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळालाही गरमच पाणी येतं, म्हणून अम्मी दुपारपासून दोन बाटल्या फ्रिजमध्ये तुमच्यासाठी ठेवायची. तुमचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची. एकदा विसरली तर आठवडाभर माझ्या शाळेच्या गणवेशाने मला खाजवून काढलं होतं. अम्मी तुमच्या मनगटांवर बाटली ओतत होती आणि मी दाराशी फुगून उभी होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता तिला म्हणालात, "पोरीचा हात चांगला आहे." अम्मी म्हणाली, "मग तिलाच सांगा ना." तुम्ही नाही सांगितलंत. ते अम्मीनेच मला सांगितलं, तुम्ही गेल्यानंतर, जणू तुमची एखादी राहिलेली वस्तू हातात द्यावी तसं.

चिडले आहे ते तुमच्यावर, पण आधी ज्यांच्यावर चिडायला हवं त्यांचा हिशेब सांगते. सत्तावीस वर्षांत तुमच्या हाताखालून किती डक्ट गेले असतील? दवाखान्यांचे, शाळांचे, मशिदींचे, बंगल्यांचे. प्रत्येक माळा बंद होण्याआधी एक शिकलेला माणूस टॉर्च घेऊन चढला, डक्टवरून नजर फिरवली, इस्त्री केलेल्या शर्टासारखं सपाट, ताणलेलं काम पाहून खूश झाला, आणि सही करून उतरला. मोठ्या कंपन्यांचे सल्लागार आपल्या माणसांना तुमचं काम दाखवायला आणत. बघा, असं पाहिजे. त्यांतल्या एकालाही अंगठा दाबून पाहावासा वाटला नाही? त्यांना पुस्तक वाचता येत होतं! त्याच पुस्तकात लिहिलेलं होतं की दाबलेला कापूस काम करत नाही. मी ते पुस्तक पाहिलं आहे, आमच्या ऑफिसच्या कपाटात अजून आहे. ते थंड देशांसाठी लिहिलेलं. त्यातल्या आकृतीत घराच्या कौलांवर बर्फ आहे, माळा थिजलेला आहे, आणि डक्टमधून गरम हवा चालली आहे. तिथे पट्टी ताणली तर थोडी ऊब माळ्यात निसटते, एवढंच. कोणाच्या डोक्यावर काही पडत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. तेच पुस्तक इथे आलं, आकृतीतला बर्फ तसाच राहिला, आणि इथे डक्टच्या आत गारवा आणि बाहेर वाफ, हा उलटा संसार मांडताना पट्टीच्या धड्यावर कोणी बोट ठेवलं नाही. ज्यांच्या हातात पुस्तक होतं ते माळ्यात राबले नाहीत, आणि ज्यांनी माळ्यात आयुष्य काढलं त्यांना फक्त एकच शब्द सांगितला गेला: टाइट. टाइट, उस्ताद, और टाइट. तुमच्या कातडीत सत्तावीस वर्षं काच रुतली, आणि ती काच तिथे कशासाठी आहे, हे कोणी तुम्हाला एका चहाच्या वेळात बसून सांगितलं नाही. याला अन्याय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि तुम्ही! तुम्हाला कोणी सांगितलं नाही, हे खरं. पण एकीने विचारलं होतं. तुम्ही तिची पट्टी कापलीत.

बंगल्यातून खाली उतरल्यावर मी चाचांना बाजूला घेतलं. ते नळाखाली हात धूत होते, आधी नुसतं पाणी, मग साबण.

"चाचा, पट्ट्या फार ताणल्यात."

"ताणल्या म्हणजे? ताणायच्याच असतात."

"त्यामुळेच पाणी सुटलंय."

त्यांनी नळ बंद केला. "बेटी, हे कोणाच्या कामाला नाव ठेवतेस, कळतंय ना तुला? माझ्या नाही."

"कळतंय."

"उस्तादांनी माझ्या नखावर पट्टी बांधली होती एकदा. नख काळं पडलं. म्हणाले, आता विसरणार नाहीस." त्यांनी अंगठा पुढे केला, जणू ती खूण अजून तिथे असावी. "तीस वर्षं झाली. नाही विसरलो." मग एकदम खाली बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लिही जे खरं असेल ते. मी काही म्हणणार नाही. पण खरं लिहिशील ना, तर सगळं लिही."

सगळं म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो माळा बंद होण्याआधी तिथे टॉर्च घेऊन चढलेला शिकलेला माणूस मीच होते. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो आहेत. मी तेव्हाही सगळा नियम जाणत होते, परीक्षेत त्यावर लिहून गुण मिळवले होते, आणि नवख्या इंजिनिअरांना त्यावर तासभर बोलून दाखवत असे. पण त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात तो ताणलेला, चंदेरी, एकाही सुरकुतीशिवायचा डक्ट दिसला आणि मला वाटलं, अब्बांचा हात. तुम्ही गेल्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि तुमचा हात तिथे अंधारात लांबच लांब पसरलेला होता. मी अंगठा दाबला नाही. थर्मामीटर पिशवीतून काढलाही नाही. खाली येऊन चाचांना म्हटलं, "शाबास चाचा, उस्तादांसारखं झालंय," आणि शेरा लिहिला: काम उत्तम. नजरेने पास केलं, अब्बा. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

मॅनेजर साहेबांना अहवाल दोन दिवसांत हवा होता. "मॅडम, सिंपल रखो. वर्कमनशिप लिखो, बंदा बदलो, ओनर खूश, फाइल क्लोज." वर्कमनशिप म्हणजे हाताचा दोष. एक शब्द, आणि चाचा दापोलीला. शब्द खोटाही नव्हता. पट्ट्या त्यांच्याच हातांनी ताणल्या होत्या. अर्धं खरं लिहिणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि इतकी वर्षं या धंद्याने फक्त तेवढंच लिहिलं आहे, हेही. मी तीन वाक्यं लिहिली. पट्ट्यांखाली कापूस दाबला गेल्यामुळे पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला. पट्टी किती ताणावी याची सूचना कंपनीने कामगारांना कधीही दिलेली नाही. माळा बंद करण्यापूर्वी तपासणी मी स्वतः केली आणि हे काम उत्तम म्हणून मंजूर केलं.

साहेबांनी तिसरं वाक्य दोनदा वाचलं. "ये लास्ट लाइन निकालो. ओनर पूछेगा, इंजिनिअर ने देखा क्यूं नहीं?"

"देखा था, सर. अच्छा लगा था."

"अच्छा लगा था? ये क्या जवाब है?"

जवाब नव्हताच तो, पण खरा होता. ते वाक्य काढणार असाल तर पहिलं वाक्यही काढा, असं मी म्हटलं, कारण एकाच्या हाताने बांधलं आणि दुसरीच्या डोळ्यांनी पास केलं. यांतला एकच गावी जाणार असेल तर तो अहवाल नव्हे. आवाज चढला माझा. बाहेर टायपिंग थांबल्याचं ऐकू आलं. साहेब खुर्चीत मागे रेलले, म्हणाले, "आपके फादर भी ऐसेही थे. बोलते नहीं थे, मगर हटते भी नहीं थे." मला वाईट वाटण्याऐवजी, का कोण जाणे, अधिकच राग आला. शेवटी मला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिन्यांसाठी तपासणीच्या सह्या माझ्याकडून काढून घेतल्या. चाचांचा व्हिसा झाला, कारण बंगल्याचं काम नव्याने करायचं होतं आणि माळ्यातलं काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. आता तिथे पट्ट्या रुंद आहेत, नुसत्या टेकलेल्या, आणि डक्ट जिथे आधारावर बसतो तिथे न दबणारे कडक तुकडे घातले आहेत. म्हाताऱ्या मालकांनी मला बोलावून छत दाखवलं. कोरडं होतं. पाळणा मात्र त्यांनी त्या खोलीत परत नेलेला नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, चहाच्या वेळी, मी सगळ्या टोळीला एकत्र बसवलं आणि जे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हवा, पहारेकरी, दवबिंदू, सगळं, पेले आणि बर्फ घेऊन. अब्बा, काय माणसं आहेत ती! दहा मिनिटांत त्यांनी मला असे प्रश्न विचारले की माझ्या कॉलेजातल्या कोणी विचारले नव्हते. एकाने विचारलं, कापूस धरायला पिन टोचतो तिथेही असंच होत असेल ना? होतंच! मी त्याला उठून टाळी दिली. आणि एवढं सगळं त्यांच्या हातात होतं, फक्त कोणी मागितलं नव्हतं, या विचाराने मला पुन्हा संताप आला. तेवढ्यात कोणीतरी हसत म्हणालं, "चाचा, मग तुम्हाला हे उलटं कोणी शिकवलं?" चाचांनी चहाचा घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आठवत नाही. फार जुनी गोष्ट." मी पेले आवरायला घेतले. खोट्याला आम्ही दोघं साक्षीदार.

हे पत्र तुमच्या गावच्या कबरीशी ठेवायला मी जाणार नाही, आणि पोस्टाला तर तुमचा पत्ता चालणार नाही. तेव्हा प्रयोग तेवढा इथे लिहून ठेवते, कोणालाही घरी करता येईल. स्टीलचे दोन सारखे पेले घ्या आणि दोन्हींत बर्फाचं पाणी काठोकाठ भरा. दोन्हींना जाड टॉवेलच्या सारख्याच घड्या गुंडाळा आणि वरून स्वयंपाकघरातला चंदेरी फॉइल. एकाचा फॉइल टेपने नुसता टेकवून चिकटवा. दुसऱ्याला मधोमध सुतळीने बांधा, जोर लावून, नख शिरणार नाही इतकं. ऑगस्टच्या दुपारी दोन्ही पेले बाल्कनीत ठेवा, अर्धा तास थांबा, आणि मग फॉइलवरून बोट फिरवा: सुतळीच्या कडेने आधी, मग दुसऱ्या बोटाने दुसऱ्या पेल्यावर त्याच उंचीला. एक बोट ओलं होईल. मी हे तीनदा करून पाहिलं, अब्बा, आणि तिन्ही वेळा सुतळीच्या कडेला बोट नेताना ते कोरडं निघावं, असं मला वाटत होतं.